20 टक्क्यांची पावडर आणि 40 रुपयांचा भाव

सांगोला तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. बीएसएफ, म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या, मासे-कोंबड्यांना खाऊ घालायच्या अळ्यांचं युनिट. हॉटेलच्या खरकट्यावर महिन्याला 400 किलो ओली अळी निघते आणि अंडी पुरवणारी कंपनीच ती 40 रुपये किलोनं परत घेते. आता तीच कंपनी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंची) पावडर देऊ करते आहे: महिन्याला 4,500, वर्षाचं एकदम घेतलं तर 50,000, आणि 'वजनात 20 टक्के वाढ नक्की'. घ्यावी का?

नको. दावा अक्षरशः खरा धरला तरी 80 किलो अळी वाढेल, म्हणजे 3,200 रुपये. वर्षाच्या पॅकमध्येही पावडर महिना 4,200 ला पडते. हिशेब इथेच संपला.

पावडर थोतांडच असते असं नाही. कोंबडीखतावर वाढवलेल्या अळ्यांना बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा फायदा झाल्याचे प्रयोग आहेत. पण जिवाणूचा वाण कोणता, मात्रा किती आणि खाद्य काय, यावर सगळं ठरतं. शिवाय त्यात लॅक्टोबॅसिलस हा उष्णता न सोसणारा जिवाणू असेल तर मे महिन्यात सांगोल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभराचा साठा टिकायचा कसा? हौस असेल तर एक डबा आणा. एकाच दिवसाची अंडी, तेच खरकटं, दोन ट्रे, पावडर एकातच. काढणीच्या दिवशी दोन्हींचं वजन करा.

आता न विचारलेलं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की दुसऱ्या युनिटसाठी पत्नीचं सोनं तारण ठेवून कंपनीकडे 3 लाख डिपॉझिट भरणार आहात. ते आधी थांबवा.

पहिल्या युनिटचंच बघू. विक्री 16,000. वाहतूक, वीज, मजुरी तुम्हीच 6,000 लिहिलीय. उरले 10,000. पाच लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता 11,600. म्हणजे तुमची मेहनत फुकट धरूनही महिन्याला 1,600 खिशातून जातात. तोट्याचा धंदा दुप्पट केला की जोखीमही दुप्पट, वर सोन्यावरचं व्याज.

आणि हे सगळं 40 रुपये भाव टिकला तर! साधारण तीन किलो ओल्या अळीची एक किलो सुकी होते. म्हणजे कंपनीला सुकी अळी 120 ला पडते, सुकवणी वेगळीच. सोयापेंड याच्या निम्म्याहून स्वस्त मिळते. मग पोल्ट्रीवाला ही अळी घेईल कशाला? कंपनी तुम्हाला देते ते पैसे अळी विकून येतात, की नव्या युनिटवाल्यांच्या डिपॉझिटमधून? 2012 ला तमिळनाडूत इमू, 2019 ला इस्लामपूरचं कडकनाथ. पक्षी बदलले, करार तोच होता: आधी पैसे भरा, मग माल आम्हीच परत घेऊ. दोन्हीकडे लोकांचे पैसे बुडाले.

'युरोपात माणसं खातात, निर्यात होईल' असं कुणी सांगत असेल तर तेही विसरा. तिथे 2021 पासून पिवळा मीलवर्म (एका भुंग्याची अळी) आणि नंतर टोळ, रातकिडा वगैरेंना माणसांच्या अन्नात परवानगी मिळाली. तुमची अळी त्या यादीत नाही, ती प्राण्यांच्या खाद्यातच जाते. फ्रान्समधली कीटकपालन करणारी इन्सेक्ट ही कंपनी तर साठ कोटी डॉलरहून जास्त भांडवल उभारूनही 2025 मध्ये बुडाली.

पुढच्या खेपेतली 50 किलो अळी कंपनीला देऊ नका. मत्स्यशेतीवाल्याला, गावठी कोंबड्यांवाल्याला रोखीनं विकून बघा. जो भाव हातात पडेल, तो वहीत लिहा आणि वरचा हिशेब त्या भावानं पुन्हा मांडा. पहिल्या युनिटचं डिपॉझिट असेल तर परताव्याची मागणी आजच लेखी करा, पोचपावतीसह. सोनं घरातच राहू द्या.