रिपोर्टात ४५ गुणसूत्रं, म्हणजे माझ्यात खोट आहे का?

"मॅडम, माणसाला ४६ गुणसूत्रं असतात ना? मग माझी ४५च कशी?" हडपसरहून आलेल्या ताई बसण्याआधीच विचारत्या झाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दोन गर्भपातांनंतर डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांची कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातून गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघायची तपासणी करायला लावली होती. रिपोर्ट आला, नेटवर 'म्युटेशन' हा शब्द वाचला आणि झोपच उडाली.

त्यांच्या १४ आणि २१ नंबरच्या जोड्यांतलं एकेक गुणसूत्र एकमेकांना जोडलं गेलं होतं, म्हणून मोजताना एक कमी भरलं. याला रॉबर्टसोनियन स्थानांतर म्हणतात. जोडताना त्या दोन्ही गुणसूत्रांच्या आखूड भुजा (लहान बाजू) गळतात, पण त्यांवरची कामाची जनुकं आणखी काही गुणसूत्रांवरही असतात. त्यामुळे ताई ठणठणीत आहेत, आणि साधारण हजारात एकाला असा बदल असतो.

म्युटेशन म्हणजे रोगच, ही भीती मला सारखी भेटते. जनुकातलं एक अक्षर बदललं तरी ते म्युटेशन. गुणसूत्राचा तुकडा गळाला, दुप्पट झाला, उलटा बसला किंवा दुसरीकडे जोडला गेला तरी म्युटेशनच. महत्त्वाचं काही कमी-जास्त झालंय का, हे खरं बघायचं असतं.

अडचण येते ती बीजांड तयार होताना. जोडलेलं गुणसूत्र आणि सुटी १४, २१ यांची वाटणी चुकली, तर बाळाकडे एखादं जास्त किंवा कमी जातं. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. २१ जास्त गेलं तर मात्र डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मू शकतं. आईत हा बदल असेल तर गरोदरपणातल्या तपासणीत ही शक्यता १० ते १५ टक्के दिसते, वडिलांत असेल तर खूपच कमी. आकडा ऐकून ताई गप्प झाल्या. तो मी कधीच लपवत नाही. निर्णय त्यांना घ्यायचा असतो.

निरोगी मूल होण्याची शक्यता चांगली आहे. दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. आयव्हीएफ करून गर्भ आधीच तपासण्याचाही मार्ग आहे.

मग खरी काळजी बाहेर आली: "धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघतायत. तिलाही असेल?" आई-वडिलांपैकी एकात हा बदल असला तर तिच्यात असण्याची शक्यता जवळपास निम्मी. दोघांतही नसला तर तो ताईंमध्येच नव्याने झाला, बहिणीची चिंता जवळजवळ मिटली. म्हणून आधी आई-वडिलांचं रक्त तपासायचं ठरलं. त्यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही, हेही सांगितलं.