बेबॉपला शिव्या आणि वन पीसला टाळ्या, असं का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: नेटफ्लिक्सची वन पीस (समुद्री चाच्यांच्या जपानी कॉमिकवरून खरी माणसं घेऊन केलेली सिरीज) बघितलीस, आवडली, त्याच झपाट्यात काउबॉय बेबॉप (अंतराळात बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणाऱ्यांच्या जपानी ॲनिमेचा असाच रीमेक) लावायला गेलास तर जो तो म्हणतोय नको रे बाबा, आणि आता तुला वाटतंय की या ॲनिमेवाल्यांना, म्हणजे जपानी कार्टूनच्या फॅन्सना, काहीही दिलं तरी नाकं मुरडायची सवयच आहे, वन पीस नशिबाने वाचली. आधी ज्यांनी उत्तरं दिलीत त्यांचा सूर एकच, की मूळ गोष्टीत बदल केला की फॅन चिडतो, विषय संपला. मला हे पटत नाही. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी लागायचं तेव्हापासून हे सगळं बघत आलोय, आणि "बदल केला म्हणून चिडले" हे फार तर पाव सत्य आहे.

पहिली गंमत म्हणजे या दोन्ही सिरीज एकाच कंपनीच्या आहेत, टुमॉरो स्टुडिओज. दाखवणारं नेटफ्लिक्स पण तेच. बेबॉप १९ नोव्हेंबर २०२१ ला आली आणि ९ डिसेंबरला रद्द झाली, तीन आठवडे पण भरले नाहीत. वन पीस ३१ ऑगस्ट २०२३ ला आली आणि दोन आठवड्यांत दुसरा सीझन जाहीर. म्हणजे "अमेरिकन लोकांना हे जमतच नाही" हा जो ठरलेला डायलॉग आहे तो पण इथेच आपटतो.

आता बदलांचंच बघ. वन पीसमध्ये काय कमी बदल केलेत? नौदलाचा गार्प हा हिरो लुफीचा आजोबा आहे हे मांगामध्ये, म्हणजे मूळ कॉमिकमध्ये, कळायला चारशेच्या वर चॅप्टर जातात, इथे तो पहिल्या सीझनमध्येच त्याच्या मागावर आहे आणि नातं पण सांगून मोकळे. डॉन क्रीग या चाच्याची आख्खी लढाई उडवली, तो येतो आणि मिहॉक हा तलवारबाज त्याचा निकाल लावतो, खेळ खल्लास. कुरो या खलनायकाचा सगळा भाग रात्रीच्या बंगल्यात नेऊन जवळजवळ हॉरर करून टाकला. जॉनी-योसाकू, हाचान ही पात्रं गायब, लुफीच्या टोळीतल्या उसॉपचं नाक साध्या माणसासारखं, सांजीचं बायकांच्या मागे लाळ गाळणं बरंच कमी. मी तर म्हणतो हे शेवटचं करून त्यांनी उपकारच केले. तरी वीसपंचवीस वर्षं ही गोष्ट वाचणारी माणसं खूश. का? कारण त्यात गोगलगायीचे फोन आहेत! म्हणजे खरोखरची बाहुली बनवून, डोळे फिरवणारी गोगलगाय टेबलावर ठेवून नौदलाचे मोठमोठे अधिकारी त्यातून गंभीर चेहऱ्याने बोलतायत, आणि कुणी "हे काय विचित्र" असा कॅमेऱ्याकडे बघून विनोद मारत नाही. टोळीतला झोरो तोंडात तलवार धरून लढतो ते पण पूर्ण गांभीर्याने. ज्या गोष्टी कागदावर वेड्यासारख्या वाटतात त्याच त्यांनी ठेवल्या, आणि जे कापलं ते आठ एपिसोडमध्ये मावत नव्हतं म्हणून कापलं. जुन्या वाचकाला हा फरक लगेच कळतो रे.

यात मांगा लिहिणाऱ्या ओडाचा वाटा मोठा आहे. तो नुसता नावाला नव्हता, स्क्रिप्ट वाचून सूचना देत होता, आणि सिरीज यायच्या आधी त्याने फॅन्सना पत्र लिहून सांगितलं होतं की माझं समाधान झाल्याशिवाय नेटफ्लिक्स ही दाखवणार नाही असं ठरलंय. कास्टिंगचा वाद पण त्यामुळे उठलाच नाही फारसा, कारण फार पूर्वी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांत त्याने लुफी ब्राझीलचा, झोरो जपानचा, नामी स्वीडनची, सांजी फ्रान्सचा असं सांगून ठेवलेलं. मग मेक्सिकोचा इन्याकी गोदोय लुफी झाला तर कोण काय बोलणार, पोरगं हसतंच लुफीसारखं.

आता बेबॉप. इथे उलटं आहे बघ, दिसण्यात त्यांनी जीव तोडून नक्कल केली. सुरुवातीचे टायटल जवळजवळ जसेच्या तसे, टँक हे गाणं तेच, संगीताला योको कान्नो स्वतः परत आली, नायक स्पाइक झालेल्या जॉन चोचा निळा सूट, वाकडे कॅमेरे, सगळं. नक्कल केल्याने फॅन खूश झाला असता तर बेबॉप आज पाचव्या सीझनवर असती. घोळ झाला तो ज्युलियावर, स्पाइकच्या जुन्या प्रेयसीवर. १९९८ च्या मूळ सिरीजमध्ये ही बाई २६ एपिसोडपैकी मोजक्या ठिकाणी दिसते, शेवटच्या दोन भागांपर्यंत ती स्पाइकच्या आठवणीतच आहे, आणि त्याचा जुना जोडीदार, आता वैरी, व्हिशस पण असाच कधीतरी येऊन जातो. स्पाइकचं पूर्वी काय झालं ते तुम्ही तुकड्यातुकड्यांनी जोडायचं, त्यातले काही तुकडे कधी मिळतच नाहीत, आणि म्हणूनच तो माणूस डोक्यातून जात नाही. रीमेकवाल्यांनी काय केलं, तर ज्युलिया आणि व्हिशसला जवळजवळ दर भागात आणून त्यांच्या संसाराची सिरीयल लावली. दोघं भांडतायत, कट करतायत, रुसतायत. आणि शेवटी ज्युलियाच स्पाइकवर गोळी झाडते आणि व्हिशसच्या गुन्हेगारी टोळीची मालकीण होऊन बसते, व्हिशस तिच्या कैदेत. हा बदल धाडसी आहे हे मान्य, पण तो जिच्या जिवावर केलाय ती बाई मुळात गूढ होती म्हणून भारी होती, तिला दहा भाग घरगुती भांडणात दाखवल्यावर तिने बंदूक उचलली काय नि कॉफीचा कप उचलला काय.

याचं एक कारण मला वाटतं वेळेचं आहे, आणि त्यावर फार कमी लोक बोलतात. मूळ एपिसोड २४ मिनिटांचा. एक बक्षिसाचा गुन्हेगार, त्याच्या मागे धावाधाव, तो बहुतेक हातातून निसटतो किंवा मरतो, जहाजावर खायला काही नाही, संपलं. रीमेकचा एपिसोड पाऊण तासाच्या आसपास. तेवढी गोष्ट तेवढ्या वेळात पसरवायची तर भर घालायला लागते, मग स्पाइकचा साथीदार जेट याला मुलगी दिली जी मूळ सिरीजमध्ये नाहीच, आणि उरलेली सगळी भर व्हिशसच्या खात्यावर गेली. मूळ दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे सल्लागार म्हणून नावाला होता, नंतर २०२३ मध्ये मुलाखतीत त्याने सांगितलं की सुरुवातीचा कॅसिनोचा सीन बघूनच थांबलो, हे बेबॉप नाहीच हे तिथेच दिसलं. ओडाचं काम आणि वातानाबेचं "सल्लागार" पद यातला फरक तूच बघ.

आपल्याकडे सैराटचा धडक झाला २०१८ ला तेव्हा काय झालं आठव. झिंगाट होतं, अजय-अतुल होते, शेवटचा धक्का पण होता, फक्त जातीचा विषय इतका पातळ केला की ज्यावर सगळं उभं होतं तेच निघून गेलं. तेव्हा चिडलेल्या मराठी माणसाला कुणी "तुम्हाला बदल सहनच होत नाही" म्हणालं असतं तर चाललं असतं का?

बदल हा प्रश्नच नाही याचा सगळ्यात सज्जड पुरावा म्हणजे डेथ नोट, म्हणजे ज्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो तिची गोष्ट; ती वही लाइट नावाच्या पोराकडे, आणि त्याच्या मागावर एल हा गुप्तहेर. २००६ ला जपानमध्येच शुसुके कानेकोने दोन पिक्चर काढले, त्यात शेवट चक्क बदलला, एल स्वतःचंच नाव आधी वहीत लिहून लाइटला अडकवतो, आणि बऱ्याच फॅन्सना तो शेवट मूळच्यापेक्षा आवडतो, मला पण. मग २०१७ ला ॲडम विंगार्डची अमेरिकन डेथ नोट आली तिला शिव्या पडल्या त्या सिएटलला नेली म्हणून नाही. शिव्या पडल्या कारण लाइट हा थंड डोक्याचा, स्वतःला देव समजणारा हुशार पोरगा, आणि इथला लाइट वहीसोबतच्या मृत्युदेवाला, म्हणजे र्‍यूकला बघून असा किंचाळतो की तो सीनच मीम होऊन बसला. दोन अतिहुशार माणसं एकमेकांना डोक्याने हरवतायत हा त्या गोष्टीचा प्राण, आणि इथे एल बंदूक घेऊन रस्त्यावर पळतोय. त्या मृत्युदेवाला दिलेला विलेम डेफोचा आवाज मात्र एक नंबर, ते मान्यच.

ड्रॅगनबॉल एव्होल्यूशनवर (२००९) वेळ घालवत नाही. गोकूला शाळेत दादागिरी सहन करणारा बिचारा पोरगा केला, यातच सगळं आलं. पण पुढे काय झालं ते माहीत असू दे. ड्रॅगन बॉलचा मूळ लेखक तोरियामाने नंतर सांगितलं की स्क्रिप्ट बघून मी बदल सुचवले होते, कुणी ऐकलं नाही, आणि त्या चिडीतूनच तो २०१३ च्या बॅटल ऑफ गॉड्स या ॲनिमे पिक्चरमध्ये स्वतः उतरला. एव्होल्यूशनचा लेखक बेन रॅमझीने तर २०१६ मध्ये फॅन्सची जाहीर माफी मागितली, की मी मोठ्या पैशाच्या मागे लागून हे लिहिलं, फॅन म्हणून नाही. अशी माफी मी तरी दुसरी बघितली नाही.

घोस्ट इन द शेल (२०१७) मात्र वेगळी केस आहे, ती या गठ्ठ्यात टाकू नकोस. तिथे भांडण गोष्टीवरून नव्हतंच, स्कार्लेट योहान्सनला मेजर (माणसाचा मेंदू आणि यंत्राचं शरीर असलेली नायिका) केलं यावरून होतं, आणि यात दोन वेगळे फॅन होते. अमेरिकेतल्या एशियन लोकांचं म्हणणं, की आम्हाला हॉलिवूडमध्ये मोठा रोल मिळतो कुठे, एक जपानी नावाचा रोल आला तो पण गेला. जपानमधले बरेच जण म्हणाले की हॉलिवूड आहे, स्टार घेणारच, आणि १९९५ च्या पिक्चरचा दिग्दर्शक मामोरु ओशी म्हणाला की मेजरचं ते शरीर आणि ते नाव मुळात तिचं नाहीच, मग आक्षेप कसला. दोघांचंही बरोबर आहे कारण जपानमधल्या माणसाला पडद्यावर जपानी चेहरा रोज दिसतो, लॉस एंजेलिसमधल्या जपानी घरातल्या पोरीला दिसत नाही. पण मग पिक्चरने स्वतःच गोची करून घेतली. शेवटी कळतं की ही मेजर खरं तर मोतोको कुसानागी नावाची जपानी मुलगी होती आणि तिचा मेंदू काढून या गोऱ्या शरीरात घातला. अरे, लोक ज्यावरून चिडले होते तेच तुम्ही गोष्टीत लिहून ठेवलंत, वर तिची आई काओरी मोमोई समोर उभी! जे ओशीचं ऐकून गप्प बसले होते ते पण इथे उखडले. सुमारे ११ कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून १७ कोटीच्या आसपास धंदा, थिएटरचा वाटा आणि जाहिराती धरल्या तर तोटाच.

हे सगळं म्हणजे मी फॅन्सची वकिली करतोय असं समजू नकोस. बेबॉपच्या वेळी फे या पात्राच्या कपड्यांवरून तो रोल करणाऱ्या डॅनिएला पिनेडाला जे ऐकवलं ते घाण होतं, तिने खिल्ली उडवणारा व्हिडिओ टाकून उत्तर दिलं ते बरंच केलं. शेवटच्या भागात एड हे पात्र काही क्षण येतं त्या क्लिपवरून एका नवख्या कलाकाराची जी टर उडवली ती तर लाज आणणारी. आणि विनोद बघ, रद्द झाल्यावर दुसरा सीझन द्या म्हणून लाखाच्या वर सह्या पण झाल्या. शिव्या देणारे आणि सह्या करणारे एकच नव्हेत, पण आवाज शिव्यांचा मोठा असतो आणि तो ट्रेलरच्या दिवशी सगळ्यात मोठा असतो. वन पीसच्या ट्रेलरला पण विग बघून हसणारे होतेच, पहिले दोनतीन एपिसोड बघितल्यावर ते गप्प झाले.

तर बेबॉप बघायची का? बघ, पण आधी मूळ सिरीज. सगळे २६ आत्ता जमत नसतील तर निदान पाचव्या एपिसोडपर्यंत जा, त्यात चर्चमधली मारामारी आहे आणि स्पाइक खिडकीतून पडतो, का पडला, कोण कुणाचं काय लागतं, कुणी काही समजावत बसत नाही. मग रीमेकचा शेवटचा भाग बघ, तेच चर्च, तीच खिडकी, आणि तू स्वतःच सांग. मधल्या भागांत स्पाइक आणि जेटची कुरबुर खरंच छान जमलीय, मुस्तफा शाकिर तर जेट म्हणून फिट्ट बसलाय, त्यासाठी बघायला हरकत नाही, व्हिशस आला की पुढे ढकल. आणि डेथ नोट लावणार असशील तर ते २००६ चे जपानी दोन पिक्चर लाव, दोन्ही एकापाठोपाठ, पहिल्यावर थांबू नकोस कारण तो ऐन मोक्यावर सोडून देतो.