शेंगा चटणी विकायचीय? आधी एवढंच बघा

ताई, घरगुती चटणीचा धंदा सोलापुरात चालतोच. फक्त पहिल्याच महिन्यात दहा प्रकार काढू नका. शेंगा चटणी एके शेंगा चटणी. जवस, कारळं, कडक भाकरी नंतर बघू.

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा घाईमुळे. दाणे मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच कुटा. उखळ असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर भांडं तापतं आणि लगदा होतो. चिमटीत दाबल्यावर बोटाला तेल लागलं पाहिजे. लसूण ओला राहिला किंवा गरम माल पाकिटात भरला, की वास आलाच म्हणून समजा. इथला उन्हाळा चाळिशीपार जातो, त्यामुळे तेव्हा थोडं थोडंच करा.

कागदपत्रं:
- अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.
- काटा वजनमापे खात्याचा शिक्का असलेलाच घ्या.

पाकिटावर घटक, वजन आणि तारीख हवीच.

दर ठरवताना गॅस, पाकीट आणि स्वतःची मजुरी धरा. नवीन माणूस नेमकी मजुरी विसरतो. ओळखीत उधारी तर अजिबात नको, मावशी असली तरी!

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, बाहेरगावचे लोक येतात. त्याआधी शेजारीपाजारी पाव किलोची पाकिटं देऊन बघा, तिखट जास्त झालं का ते लगेच कळेल.