कॅज्युअल्टी आवडते, पण इमर्जन्सी मेडिसिन घ्यावं का?

प्रश्न: मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, फार आवडला. एमडी इमर्जन्सी मेडिसिन घ्यावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, 'जन्मभर सीएमओच (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) राहशील, जनरल मेडिसिन घे.' काय करू?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर: सीएमओ हे पद झालं. तू म्हणतेस ती 2009 पासून मान्यता असलेली, तीन वर्षांची स्वतंत्र एमडी आहे. घरच्यांची ही शंका सोडून दे.

मात्र धावपळ आवडते की अर्धवट माहितीवर निर्णय घेणं आवडतं, हे तपास. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्याला पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) देऊन घरी पाठवलं आणि तो हार्ट अटॅक निघाला, की घात होतो. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी हवा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढायचा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का, हे सांगणारी रक्तचाचणी) पाठवायचं. ईसीजीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये आलेखाचा एसटी भाग वर उचललेला असेल, तर उजव्या बाजूचा ईसीजी बघितल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) नको. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) गेलेलं असेल तर या गोळीने बीपी कोसळतं.

तोंड वाकडं, हात लुळा, म्हणजे पक्षाघाताचा संशय? सीटीला पळवण्याआधी ग्लुकोमीटर लाव, साखर उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. मेंदूतली रक्ताची गाठ औषधाने विरघळवायला साडेचार तास मिळतात, तेही 'शेवटचा ठणठणीत कधी दिसला' तिथून. झोपेतून उठताना लक्षात आलं, तर झोपायला गेल्याची वेळ धरायची. नातेवाईक हमखास उठल्याची सांगतात.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन भरण्यात वेळ जातो, आणि जीव वाचवणारं अ‍ॅड्रेनॅलिन मागे राहतं. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत; उतार नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. आणि जुलैत तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेला, ताप आणि पोटऱ्या दुखणारा पेशंट लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) समजायचा. मलेरिया-डेंगीच्या तपासण्या सोबत करायच्याच, पण प्रकृती ढासळत असेल तर अँटिबायोटिक रिपोर्टसाठी थांबवायचं नाही.

यात तुझं मन रमत असेल, तर शाखा तुझीच. रात्रपाळ्या सुटत नाहीत, स्वतःचा दवाखाना थाटण्याच्या दृष्टीने ही शाखा कमजोर, हे आधीच मान्य कर. प्रवेश नीट-पीजीतून एमडी किंवा डीएनबीलाच (नॅशनल बोर्डाची पदव्युत्तर पदवी) घे. खासगी रुग्णालयांतले 'एमईएम' (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) अभ्यासक्रम शिकवतात चांगलं, पण ती एनएमसीमान्य (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता असलेली) पदव्युत्तर पदवी नव्हे; पुढे अध्यापकपदाला अडतं.

प्रवेशासाठी कॉलेजांचे चॉइस भरण्याआधी त्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला (तिथे एमडी करणाऱ्या डॉक्टरला) गाठ. विचार, रात्री दोन वाजता श्वासनलिकेत नळी कोण घालतं, तुम्ही की भूलतज्ज्ञ? सोनोग्राफीचं मशीन विभागाचं स्वतःचं आहे का? उत्तरं गुळमुळीत आली, तर ते कॉलेज यादीत खाली ढकल.