'कंट्रोल'चं माहेर

प्रश्न असा आला आहे: रोबोंवर लिहिताना 'परसेप्चुअल कंट्रोल थिअरी'ला 'इंद्रियनिग्रह सिद्धांत' म्हटलेलं चालेल का? आणि 'रोबो'ला यंत्रमानव म्हणावं का?

इंद्रियनिग्रह! हा शब्द अलीकडे फारच कानावर येतो. अमेरिकी संशोधक विल्यम पॉवर्स यांनी 1973 साली हा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला, तो माणसाचं वागणं कसं घडतं हे सांगायला, कुणाला ब्रह्मचर्य शिकवायला नव्हे. 'कंट्रोल' दिसला की आवळायचं, ही खोड आपल्याला 'नियंत्रण'ने लावली. त्याच्या पोटात 'यम्' धातू, म्हणजे लगाम खेचणं आलं.

'कंट्रोल'चं मूळ मात्र हिशेबाच्या वहीत आहे! जुन्या फ्रेंचमध्ये 'कोंत्र-रोल' म्हणजे मूळ नोंदवहीशी ताडून पाहायला ठेवलेली दुसरी प्रत. थोडक्यात, पडताळा. आपल्या आया-आज्या रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणायच्या. तिथे कार्डावर एक नोंद, दुकानदाराच्या वहीत दुसरी. शब्द नकळत माहेरीच गेला की!

पॉवर्सचा सिद्धांतही पडताळ्यावरच उभा आहे. जे जाणवतंय ते, जे जाणवायला हवं त्याच्याशी ताडायचं. फरक पडला की हालचाल. करून बघा. दोन रबरबँड एकमेकांत गुंतवा, एक टोक तुमच्या बोटात, दुसरं मित्राच्या. गाठ कागदावरच्या टिंबावर राख, एवढंच त्याला सांगा. तुम्ही मागे ओढाल तसा तोही ओढेल. बघणाऱ्याला वाटेल, नक्कल करतोय. त्याचं तुमच्याकडे लक्षही नसतं. गाठ टिंबावर आहे ना, बस्स. हात कुठे गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

कारखान्यातल्या रोबोचं उलटं. 1961 साली जनरल मोटर्समध्ये कामाला लागलेला युनिमेट हा यांत्रिक हात साठवून ठेवलेल्या हालचाली जशाच्या तशा करायचा. तिथे हालचाल हेच उद्दिष्ट, आणि ते ठरवणार अभियंता. माणसाचा हात उशीर करतो, थरथरतो. अभियंत्याला ही थरथर घालवायची असते; पॉवर्सपंथीयांना ती आपल्या प्रतिकृतीत हुबेहूब उतरायला हवी असते, कारण त्यांना हात समजून घ्यायचा आहे, वेल्डिंग करायचं नाही.

म्हणून माझा शब्द 'राखणे'. ताल राखतो, अंतर राखतो, मर्जी राखतो. तिन्हीत सतत अंदाज घेत सावरणं आहे. 'संवेदन-राखण' म्हणा. एक परिभाषाकार नाक मुरडून म्हणाले, "हे गुराख्यासारखं वाटतं." वाटू दे की! गुराखी काय गुरांचे पाय उचलून उचलून त्यांना चालवतो? कळप नजरेच्या टप्प्यात आहे ना, ते बघतो. दोन डझन समित्यांवर बसून यांना एवढं कळू नये?

हां, रोबो राहिलाच. चेक 'रोबोता' म्हणजे वेठबिगार, हे एव्हाना शाळकरी पोरंही सांगतात. यंत्रमानव नको. ज्या नाटकातून हा शब्द जगभर गेला, त्या चेक लेखक चापेकच्या नाटकातले रोबो यंत्रं नव्हते, आणि कारखान्यातले मानव नाहीत. रोबोच म्हणा, अनेकवचनही रोबोच.