सोलापुरात घरामागे फळझाडं लावायची आहेत. वर्षाचं नियोजन कसं करावं? ‘सगळं मृगावर सोडा’ म्हणतात, ते खरं का?

तुम्ही लिहिलंय की घरामागे गुंठाभर जागा आहे, तिथे डाळिंब, सीताफळ, लिंबू आणि जमलं तर बदाम-काजू लावायचे आहेत. घरचे म्हणतात सगळं मृगावर सोडा, म्हणजे जूनच्या पावसावर फुलू द्या, पावसाचं पाणी फुकट मिळतं. मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. डाळिंब मृगावर सोडू नका. हा सल्ला आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकलाय आणि त्यापायी हातचा एक बहार, म्हणजे फळांचा एक हंगाम, घालवलाय.

माझे धाकटे दीर सांगोला तालुक्यात डाळिंब करतात, दोन एकर, भगवा जातीचं. आमच्या परसात त्याच भगव्याची दोन झाडं आहेत, दोन्ही गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली), सासूबाईंनी लावलेली. तिसऱ्या वर्षी पहिला बहार धरायचं ठरलं तेव्हा भाऊजी मुद्दाम गावाहून आले. म्हणाले, “वहिनी, एप्रिल-मे पाणी देऊ नका, झाड आपोआप ताणावर, म्हणजे पाण्यावाचून पानं गाळून विश्रांतीला जाईल. जूनला पाऊस पडला की फुटेल आणि गड्ड्याच्या टायमाला फळ तयार.” सासूबाईंना ते फार पटलं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा; तिला घरचं फळ न्यायचं, त्यासाठीच तर त्यांनी झाडं लावली होती.

जुलैत दोन्ही झाडं फुलांनी लाल झाली. एकेका झाडावर चाळीसेक फळं धरली. मग सप्टेंबर आला. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत आभाळ भरून येतं आणि बरेचदा तसंच निघून जातं, हे तुम्हीही बघत असाल. म्हणजे मृगाचं फळ लिंबाएवढं, मोसंबीएवढं होत असतं, नेमका तेव्हाच इथला खरा पाऊस सुरू होतो. आधी पानांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. पान उजेडाकडे धरलं की ठिपक्याभोवती तेल लागल्यासारखं दिसायचं. मी दुर्लक्ष केलं. आठ-दहा दिवसांत तेच डाग फळांवर काळे पडले आणि त्या डागांवरूनच साल उकलायला लागली, कुठे एल अक्षरासारखी, कुठे वाय अक्षरासारखी. आतले दाणे अजून पांढरे होते.

तो तेल्या होता. ही बुरशी नाही, जिवाणूचा रोग आहे. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पानावरून फळावर, या झाडावरून त्या झाडावर जातो. भर पावसात एकदा शिरला की घरच्या माणसाने कितीही फवारण्या केल्या तरी आटोक्यात येत नाही. ऐंशीच्या आसपास फळांतली नऊ हाती लागली, तीही डागाळलेली. गड्ड्याला सासूबाईंनी बाजारातून पाच डाळिंबं विकत घेतली. देवळातून आल्यावर पिशवी मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि झाडांकडे न बघता आत गेल्या.

त्या वर्षी मी ठरवलं की आता आंबे बहारच धरायचा, म्हणजे हिवाळ्यात ताण देऊन जानेवारीच्या पाण्यावर झाड फुलवायचं. भाऊजींनी फोनवरच हरकत घेतली. “उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? तुमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड.” मी म्हटलं, दोन झाडांना किती लागतं ते तरी मोजू.

मोजलं. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात मी दिवसाला ४० लिटर धरते. दोनशे लिटरचं एक बॅरल एका झाडाला पाच दिवस पुरतं. नळाला पाणी आलं की घरातलं भरून झाल्यावर दोन बॅरल भरायची, खाली तोटी बसवायची, नळी बुंध्यापासून दीड-दोन हात लांब सोडायची आणि बारीक धार रोज चालू ठेवायची. रोज, हे महत्त्वाचं. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी बदाबदा ओतलं की फळ तडकतं, आणि लोक त्याचा दोष जातीला देतात. आळ्यात शेंगांची टरफलं अंथरली की ओल जास्त टिकते. आपल्या गावात शेंगाचटणी करणाऱ्यांकडे टरफलांना तोटा नाही.

आंबे बहाराचा ताण आपल्याकडे निसर्गच देतो. परतीचा पाऊस गेला की नोव्हेंबरच्या शेवटाला पाणी तोडायचं. काळ्या जमिनीत ओल मुरलेली असते, म्हणून महिना-दीड महिना लागतो. पानं पिवळी पडून निम्म्याहून जास्त गळली की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्यांचे शेंडे छाटायचे, झाडाला दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत घालायचं आणि संक्रांतीच्या आसपास पहिलं पाणी द्यायचं, तेही हलकं.

पहिल्या वर्षी माझं एक झाड ताणावर गेलं, दुसरं जाईना. एक खराट्यासारखं झालेलं आणि दुसरं हिरवंगार, वर दोन-चार फुलं. पंधरा दिवस कारण कळेना. शेवटी त्या झाडाच्या मागची माती उकरली तर ओली. न्हाणीच्या पाइपचा सांधा जमिनीखाली पाझरत होता आणि झाड मजेत ते पाणी पीत होतं. प्लंबर बोलावून पाइप भिंतीच्या कडेने फिरवून घेतला तेव्हा कुठे त्याची पानं पिवळी पडली. बहार मागेपुढे झाला, पण झाला.

फेब्रुवारीत फुलं आली. त्यातली घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुलं गळून पडतात. ती नरफुलं, त्यांची काळजी करू नका. खाली फुगीर, तांब्यासारखं बूड असतं तेच फळ धरतं. मार्च संपताना सासूबाईंनी पेटीतली दोन जुनी इरकली लुगडी काढून दिली. ती बांबूंना बांधून झाडांच्या पश्चिमेला उभी केली, कारण दुपारच्या उन्हाने फळाची साल भाजून तपकिरी होते. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ती लुगडी मेअखेरपर्यंत टिकली. ऑगस्टमध्ये एका झाडाची एकतीस आणि दुसऱ्याची एकोणीस फळं उतरवली, बहुतेक सगळी स्वच्छ. श्रावणी सोमवारी सासूबाई पाच फळं घेऊन सिद्धेश्वराला गेल्या. पुढची तीन वर्षं त्यांनी तेच केलं. गड्ड्याचा हट्ट त्यांनी स्वतःच सोडला.

भाऊजी अजून म्हणतात, “वहिनी, तुमचं दोन झाडांचं गणित वेगळं.” अहो, पण प्रश्नच दोन झाडांचा आहे! त्यांच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं, दोन एकराला टँकर परवडत नाही, म्हणून ते मृग धरतात आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही आहे. शेतकऱ्याची अडचण घरच्या बागेला नियम म्हणून सांगायची, हे मात्र मला मान्य नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या सोलापुरात, केगावला आहे. या भागात डाळिंब किती आणि त्याची दुखणी किती, हे त्यावरूनच समजा.

आता बाकीचं. मृगावर बिनधास्त सोडा ते सीताफळ. उन्हाळ्यात ते पानं टाकून झोपतं, पाणी मागत नाही, आणि दसरा-दिवाळीला फळ देतं. खोडावर मुंग्या चढताना दिसल्या तर पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) आलाच समजा, म्हणून खोडाला प्लास्टिक गुंडाळून त्यावर ग्रीसचा पट्टा मारा. लिंबू लावा, पण जमीन चुनखडीची असेल तर पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसत राहील. तिथे खड्ड्यातली माती बदलूनच लावा. तुमच्या यादीत बोर नाही, ते का? आपल्या हवेचं झाड तेच. एप्रिल-मेमध्ये निर्दयपणे छाटायचं, संक्रांतीच्या सुगडात घरची बोरं.

बदाम लावू नका. त्याला फुलायला थंडीचे महिने लागतात, आपली थंडी त्याला पुरत नाही. मला एका नर्सरीवाल्याने ‘बदाम’ म्हणून जे दिलं ते शाळेच्या आवारात असतं ते देशी बदामाचं झाड निघालं, वेगळीच जात. काजूला भारी काळ्या जमिनीत साचलेलं पाणी सोसत नाही. सुकामेव्याची हौस भुईमुगावर भागवा, मी मनापासून सांगते. दहा बाय चार फुटांचा वाफा, ओळीत फूटभर अंतर, जूनच्या चांगल्या पावसावर पेरा. पिवळी फुलं येऊन गेली की त्यांच्या आऱ्या (टोकाला शेंग धरणारे दांडे) खाली मातीत शिरतात. त्यानंतर खुरपं लावायचं नाही. ऑक्टोबरात शेंगा.

एक राहिलं. आंबे बहाराचं फळ जुलै-ऑगस्टात पिकतं, तेव्हा पाऊस लवकर आणि जोरात झाला तर तेल्या त्यालाही गाठतो. मला सहा वर्षांत एकदा गाठला, दहा-बारा फळं गेली. आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यावर जात असेल आणि बोअरही नसेल, तर एकच डाळिंब लावा.

शिवाय तुमची झाडं अजून लागायचीच आहेत, हे लिहिण्याच्या भरात माझ्या ध्यानातून गेलं. पहिली दोन वर्षं बहार धरायचा नाही, फूल आलं तरी खुडायचं. यंदाचं काम एवढंच: मे महिन्यात दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन उन्हात तापू द्या, जून-जुलैत कलमं लावा. आणि डाळिंबाच्या खड्ड्याची जागा ठरवण्याआधी न्हाणीचा पाइप जमिनीखालून कुठून जातो, ते विचारून घ्या.