पूलचं हिरवं पाणी: उपसण्याआधी एक तपासणी करा

तुम्ही लिहिलंय की बेसा भागात बंगल्यामागे ५०,००० लिटरचा पूल आहे, लग्नासाठी सगळे बाहेर होते, पंप बंद राहिला आणि परत आलात तर पाणी हिरवंगार. माळ्याने मोरचूद टाकलं, तुम्ही क्लोरीनच्या गोळ्या दुप्पट केल्या, तरी फरक नाही. आता सगळं पाणी उपसून टँकरने भरावं का, हा प्रश्न.

नागपुरात आणि आजूबाजूच्या फार्महाउसवर पूलची देखभाल हेच माझं रोजचं काम आहे. माझं म्हणणं असं की एवढ्यात उपसू नका. उन्हाळ्यात पन्नास हजार लिटर पाणी गटारात सोडणं मनाला पटत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. पावसाळ्यात तर पूल रिकामा करूच नये. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, भिंतींना तडे जातात.

आधी पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन बघा. गढूळ हिरवं असेल आणि भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागत असेल, तर शेवाळ आहे. पाणी आरपार स्वच्छ पण हिरवट दिसत असेल, तर ते बहुधा मोरचुदातलं तांबं आहे, आणि त्यावर कितीही क्लोरीन ओतलं तरी उपयोग नाही. मोरचूद यापुढे टाकूच नका. तांबं पाण्यातून जात नाही, भिंतींवर डाग पडतात, हलक्या रंगाच्या केसांवर हिरवी झाक येते.

शेवाळच असेल तर मला खरा संशय तुमच्या गोळ्यांवर आहे. या गोळ्या बहुतेक ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनच्या संयुगाच्या असतात. त्यांच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिडही पाण्यात उतरतं. लोक त्याला स्टॅबिलायझर किंवा सीवायए म्हणतात. दर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम सीवायए वाढतं. थोडं असेल तर ते उपकारकच, कारण आपल्याकडच्या उन्हात उघडं क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर विचारूच नका. पण क्लोरीन उडतं आणि सीवायए मागे राहतं, महिनोन्‌महिने साचत जातं. ते वाढलं की क्लोरीन त्याच्याशी बांधलेलं राहतं, किट क्लोरीन दाखवतं आणि शेवाळ मात्र मजेत वाढतं. म्हणूनच गोळ्या दुप्पट करून फरक पडला नाही.

त्यामुळे पहिला खर्च सीवायए तपासायच्या किटवर करा. पूलचं पाणी आणि त्या किटमधलं द्रावण एकत्र हलवलं की मिश्रण दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतत जायचं; ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. हे काम दिवसाउजेडी करा. आकडा ३० ते ५० असेल तर छान. शंभराच्या वर असेल तर निम्मं पाणी बदलावं लागेल, त्याला दुसरा इलाज नाही. सगळं नाही, फक्त निम्मं, आणि तेही पावसाळ्याबाहेर.

मग पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ च्या आसपास आणा. हे क्लोरीन वाढवण्याआधीच करायचं, कारण क्लोरीन जास्त असताना पीएचचं वाचन चुकतं. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा ब्रशने घासून काढा. शेवाळाचा थर जागेवर असेल तर औषध आत पोचत नाही. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

क्लोरीनसाठी रसायनांच्या दुकानातून सोडियम हायपोक्लोराइट आणा, तिथे नुसतं ‘हायपो’ म्हटलं तरी कळतं. हिशोब सोपा आहे: १,००० लिटरला १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. तुमच्या पूलला १० पीपीएमसाठी ५०० ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे १० टक्क्यांचं ताजं हायपो अंदाजे ५ लिटर. उन्हात पडलेला जुना कॅन घेऊ नका, त्यातला दम निघून गेलेला असतो. ब्लीचिंग पावडरही चालते, पण ती पाण्यात चुना वाढवते आणि बोअरचं पाणी आधीच जड असेल तर टाइल्सवर पांढरा थर बसतो.

पाण्यात क्लोरीन किती ठेवायचं? सीवायए ३० असेल तर १२ पीपीएम, ५० असेल तर २० पीपीएम. म्हणजे सीवायएच्या साधारण ४० टक्के. इथेच बहुतेक जण थांबतात. संध्याकाळी एक डोस टाकतात, सकाळी पाणी जरा फिकं दिसतं, समाधान मानतात, आणि चार दिवसांत पुन्हा हिरवं. शेवाळ मरताना क्लोरीन खातं, त्यामुळे आकडा सारखा खाली येतो. तो दिवसातून दोन-तीनदा मोजून पुन्हा वर न्यायचा, पाणी हिरव्यावरून राखाडी-दुधाळ आणि मग नितळ होईपर्यंत. नितळ दिसल्यावरही एक परीक्षा बाकी राहते: सूर्यास्तानंतर मोजा, सूर्योदयाआधी मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी घट झाली, तरच शेवाळ संपलं म्हणायचं. तोवर कुणीही पाण्यात उतरू नये.

तुरटीची घाई नको. शेवाळ मेल्यावर गाळ बसवायला ती चालते, पण पीएच खाली आणते, आणि तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर टाकावा लागतो, फिल्टरमधून नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गोळ्या, ब्लीचिंग पावडर, हायपो, अॅसिड हे कधीही एका बादलीत किंवा एकाच मापाने हाताळू नका. अॅसिड आणि हायपो एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्या तर भडका उडू शकतो. माळ्याला हे समोर बसवून समजावा, कारण बादली त्याच्याच हातात असते.

सीवायएचा आकडा आणि पीएच इथे लिहा, पहिला डोस किती लिटरचा ते काढून देतो.